उत्तरांची फ्लॉपी

रऊफ मास्तर टायपिंगला बसलेल्या मुलाच्या हातांवर टॉवेल टाकत. चांगला जाड, कळा आणि मनगटं दोन्ही झाकणारा. मग स्वतः खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहत आणि नुसत्या आवाजावरून चुका सांगत. "मोरे, करंगळी झोपली." "शेख, स्पेस दोनदा पडली." कोणी टॉवेल उचलून डोकावलंच, तर तेवढ्यापुरता पडलेला खंडही त्यांना कळे. "परक्याच्या पत्रात डोकावू नये," ते म्हणत. "बोटांचा आणि अक्षरांचा व्यवहार आहे. डोळ्यांनी मध्ये पडायचं काम नाही."

जव्हारच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. वडील शिंपी होते. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, कापडाकडे न बघता ते सरळ शिवण मारायचे, हे मास्तर अभिमानाने सांगत. स्वतः मास्तर उंच, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालणारे आणि जिभेने तिखट. नापास झालेल्या मुलाच्या बापाला सांगत, "पोरगा हुशार आहे हो. बोटं तेवढी तुमच्यावर गेली." बाप दुखावून जिना उतरे. गावात मास्तरांना मान होता, मित्र मात्र थोडे. त्या थोड्यांत ते मला धरत.

मी तेव्हा आमच्या शिक्षणसंस्थेचा सेक्रेटरी होतो. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत संस्थेच्या काही आश्रमशाळा आणि जव्हारला कचेरी. संस्थेने नंतर एक स्मरणिका काढली, ती अजून शाळांच्या कपाटांत असेल. तिच्यात एक वाक्य आहे: संगणक विभागाच्या प्रमुखांच्या हलगर्जीपणामुळे मोखाडा शाळेचे बहुमोल पाठ्यसाहित्य नष्ट झाले. प्रमुख म्हणजे रऊफ मास्तर. वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. ते मशीन मी पुसलं. कसं ते पुढे सांगणारच आहे. पण मास्तर कोण होते हे आधी सांगितलं नाही, तर वाचणाऱ्याच्या लक्षात पुन्हा मशीनच राहील.

नव्वदचं दशक सरता सरता टायपिंगला मुलं येईनाशी झाली. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता, आणि तो शिकायला नाशिक किंवा ठाणं गाठावं लागे. एके दिवशी मास्तर कचेरीत आले, समोर बसले आणि म्हणाले, "सेक्रेटरी, माझी मशीनं भंगारवाला वजनावर मागतोय. माणसाला वजनावर कोणी घेत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो." मी त्यांना संस्थेच्या संगणक विभागाचं प्रमुख केलं. विभागात एकही संगणक नव्हता. मास्तरांनी दारावर पाटी मात्र लगेच लावली. मी हसलो तर म्हणाले, "मांडव घातला की वऱ्हाड येतं."

वऱ्हाड आलं खरं, पण बिनतोंडाचं. मुंबईच्या एका कंपनीने आपले जुने कॉम्प्युटर शाळांना द्यायचं ठरवलं. टेम्पो घाट चढून आला, तर आत नुसते खोके. पडदे नंतर मिळेल तसे थेट शाळांवर पाठवू, असा निरोप होता. खोक्यांतल्या डिस्कवर त्या कंपनीचं जुनंपानं भरलेलं. ते पुसून, लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम टाकून मशीनं शाळांवर पोचवायची होती. आता सिस्टीम टाकताना मशीन माणसाला सारखं काहीतरी विचारतं, आणि ते पडद्यावर विचारतं. आख्ख्या संस्थेत एकच पडदा होता, माझ्या टेबलावर.

मास्तरांनी तो मागितला. महिनाभर द्या म्हणाले.

"साहेब लोक येतात कचेरीत," मी म्हणालो. "टेबलावर काही दिसायला नको?"

"तुम्ही तो चालू कधी करता?"

"दिसायला चालू असावा लागत नाही."

 मास्तर म्हणाले, "राहू द्या. उभ्या जन्मात मी कळांकडे बघितलं नाही, पडद्याकडे कशाला बघू."

यापुढचं काम त्यांनी कसं केलं, ते मी रोज जाता-येता पाहत होतो. एका रविवारी कचेरी बंद असताना माझ्या टेबलाशी बसून त्यांनी एकदाच पडद्यासमोर सिस्टीम टाकली. मशीन काय काय विचारतं, कोणत्या क्रमाने विचारतं, ते सगळं पाहून घेतलं. एका संगणक मासिकाच्या सीडीत माहिती होती, नाशिकच्या एका ओळखीच्याला फोन करकरून बाकीची मिळवली. मग त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका फाईलमध्ये लिहून ती फ्लॉपीवर घातली. भाषा कोणती, कळा कोणत्या मांडणीच्या, घड्याळ कुठल्या देशाचं, डिस्कचे भाग किती. फ्लॉपी आणि सीडी घालायची आणि बटण दाबायचं. मशीन विचारणार, फ्लॉपी उत्तर देणार. माणसाने बाजूला बसायचं.

"साखरपुड्यात सगळं विचारून घ्यावं," मास्तर म्हणाले. "मांडवात विचारत बसलं की मुहूर्त टळतो."

"आणि जुनं पुसू का, असं विचारलं तर?"

"हो."

"परत खात्री करायला विचारलं तर?"

"परत हो. सासऱ्यापुढे बसलेल्या जावयासारखी आहे ही. काहीही विचारा, मान हलते."

सुरुवातीला बरंच बिघडलं. मशीन मध्येच गप्प होई. मास्तर खोक्यावर तळहात ठेवून बसत, आत डिस्क फिरते आहे का ते चाचपत. "अडकलं," ते म्हणत. "याला माझ्याकडे उत्तर नसलेला प्रश्न पडलाय." मग तो प्रश्न कोणता असेल याचा विचार करत ते खोलीत येरझाऱ्या घालत, मी घरी गेलो की माझ्या टेबलाशी बसून फाईलमधली एक ओळ बदलत, पुन्हा बटण दाबत. पुढे जमलं. काम पुरं झालं की मशीन तीनदा पीं पीं करी आणि सीडीचा कप्पा आपोआप बाहेर येई. ही व्यवस्था त्यांनी फाईलच्या शेवटी मुद्दाम घातली होती. कप्पा बाहेर आला की ते म्हणत, "जीभ दाखवली. तब्येत ठीक आहे." एकाही मशीनचं तोंड न बघता त्यांनी सगळी मशीनं तयार केली. शाळेत जाऊन पडदा जोडला की मशीन मराठीत बोले, आणि शिक्षक थक्क होत. मास्तरांना ते फार आवडे. थक्क झालेला माणूस दिसला की ते हमखास त्याच्याच शाळेत जेवायला थांबत.

त्या शिक्षकांत मोखाड्याच्या शाळेचा जानू पारधी होता. वयाने माझ्याहून बराच लहान, म्हणून मी त्याला एकेरीत बोलत आलो, इथेही तसंच लिहितो. पाड्यावर जन्मलेला, आश्रमशाळेतच शिकून गुरुजी झालेला. मराठी स्वच्छ बोले, पण घाईत किंवा रागात असला की त्याच्या मराठीतला ळ जाऊन ल येई आणि घरची बोली वर येई. पहिलीच्या मुलांना पुस्तकातली मराठी कळत नाही, हे त्याचं रोजचं दुखणं होतं. एकदा बैठकीत म्हणाला, "पुस्तकात न नळाचा. आमच्या पाड्यावर नळ नाही. मी पोरांना काय दाखवू? न नागलीचा का नाही?" तेव्हापासून तो मुलांच्या बोलीतलं पहिलं पुस्तक जमवू लागला. त्यांचे शब्द, त्यांच्या वस्तू, आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेल्या गोष्टी. धान्याची देवी कणसरी रुसून गेली त्याची गोष्ट, वाघाला भाऊ मानलेल्या बाईची गोष्ट. म मोहाचा असं त्याने लिहिलं, तर आमचे अध्यक्ष म्हणाले होते, "अहो, दारूची आठवण कशाला लहान मुलांना?" पारधी म्हणाला, "साहेब, पोरा फुलं खातात. दारू आठवते ती मोठ्यांना." बैठक हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

मास्तरांनी पारधीला टाईप करायला शिकवलं. टॉवेल टाकून. दोघांचं विलक्षण जमलं. मास्तर बाजारच्या दिवशी जीपने मोखाड्याला जात, दिवसभर पारधीजवळ बसत. म्हातारी सांगे, पारधी ऐकत ऐकत टाईप करी, आणि मास्तरांना बोली कळत नसली तरी ते पाठ फिरवून, कळांचा आवाज ऐकत बसलेले असत. "पारधी, गोष्ट चांगली असेल, पण डावा हात रडतोय." पुढे पुढे मास्तरांनाही शब्द समजू लागले. कचेरीत आल्यावर त्यातली एखादी गोष्ट मला सांगत आणि शेवटी म्हणत, "ही छापून येऊ दे, मग मी मरायला मोकळा." मी म्हणे, "तुम्ही कशाला मरताय?" ते म्हणत, "बोलायची रीत आहे, सेक्रेटरी. टाईप करू नका."

पुस्तक पुरं होत आलं होतं. ते सगळं पारधीच्या शाळेतल्या मशीनमध्ये होतं. त्याच्या नकला मास्तरांनी फ्लॉप्यांवर घेतल्या होत्या, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते, आणि त्या वर्षी धरली. नव्याने नक्कल घ्यायची तर पारधीच्या मशीनचा वीजपुरवठ्याचा डबाच जळला. पारधी ते मशीन गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन जीपने जव्हारला आला. मास्तरांनी डबा बदलला आणि सांगितलं, दसरा झाला की नक्कल काढतो, मग घेऊन जा. इथे दोन दिवस आधी हात चालवला असता तर बरं झालं असतं. तेवढा उशीर मास्तरांचा, तो मी त्यांच्या नावावर ठेवतो. बाकीचं माझं.

त्यांची एक रीत होती. ज्या खोक्यात कोणाचं काम भरलेलं आहे, त्याच्याभोवती ते टाईपरायटरची जुनी रिबन बांधत. काळी रिबन, समोर दोन गाठी. एका रांगेत सगळे खोके सारखेच दिसणार, आणि फ्लॉपी तर सगळ्याला हो म्हणणारी. "गाठ दिसली की हात मागे," हे त्यांनी मलाही बजावलं होतं. पारधीच्या मशीनला त्यांनी स्वतः गाठ मारली, माझ्यासमोर.

दसऱ्याला कचेरीत हत्यारांची पूजा असे. इन्स्टिट्यूटमध्येही मास्तर दर वर्षी टाईपरायटरना झेंडूच्या माळा घालत, पेढे वाटत. त्या वर्षी दसरा रमजानात आला. मास्तरांचा रोजा होता, तरी सकाळपासून कचेरीत राबत होते. कंपनीचे एक साहेब मुंबईहून यायचे होते. पडदा नसलेलं मशीन आपोआप कसं तयार होतं ते त्यांना दाखवायचं, म्हणजे पुढची मशीनं मिळतील, असा माझा बेत. त्यासाठी मास्तरांनी रांगेतलं पहिलं मशीन काढून ठेवलं. फ्लॉपी आणि सीडी टेबलावर मांडली. दुपारी म्हणाले, "नमाज पढून येतो. तोवर कशाला हात लावू नका. पाहुण्यांना जेवायला बसवा."

ते गेले आणि मी रांगेवरून नजर फिरवली. पूजेसमोर खोके मांडलेले, हळद-कुंकू, झेंडू, आणि त्यात एकाला काळी रिबन गुंडाळलेली. सणाच्या दिवशी देवापुढे काळं. मला ते बघवेना. मी गाठी सोडल्या आणि रिबन सदऱ्याच्या खिशात घातली. ते मशीन बाकीच्यांपेक्षा पांढरं होतं, पारधीने पुसून पुसून ठेवलेलं. रांगेच्या शेवटच्या टोकाला होतं, ते मी उचलून पुढे, मधोमध आणलं. फोटोत बरं दिसेल म्हणून. त्या क्षणी मला गाठ म्हणजे काय हे आठवत नव्हतं असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. आठवत होतं. पूजा झाली की पुन्हा बांधू, असं मनाशी म्हटलंही होतं.

साहेब आले ते घाईतच. उजेड आहे तोवर घाट उतरायचा आहे, आधी दाखवा, म्हणाले. मास्तर यायला थोडा वेळ होता. थांबा म्हणणं मला जमलं नाही. फ्लॉपी, सीडी, बटण, मी हजारदा पाहिलेलं. मी ती उचलली आणि समोर जे सजलेलं मशीन होतं त्यात घातली. साहेबांच्या हस्ते बटण दाबलं. नारळ फुटला. मशीन घुरघुरायला लागलं आणि आम्ही जेवायला बसलो.

पडदा असता तर मशीनने जुनं पुसू का असं विचारलेलं दिसलं असतं. मास्तरांच्या फाईलमुळे तेही दिसलं नसतं म्हणा, पण कोणाचं तरी नाव दिसलं असतं, एखादा शब्द दिसला असता. पडदा माझ्या टेबलावर होता.

पानावर श्रीखंड वाढलेलं असताना तीन पीं ऐकू आल्या आणि कप्पा बाहेर आला. साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मास्तर त्याच वेळी जिना चढून आले. टाळ्या ऐकून त्यांना वाटलं, सगळं नीट झालं. त्यांनी हसून छातीवर हात ठेवला. मग त्यांची नजर रांगेतल्या पहिल्या मशीनवर गेली, ते तसंच, बंद होतं. ते मधल्या मशीनपाशी आले. झेंडूची माळ बाजूला करून त्यांनी खोक्यावर तळहात ठेवला.

"सेक्रेटरी, रिबन कुठे आहे?"

"कसली रिबन?" मी म्हणालो. "मास्तर, पाहुणे आहेत. नंतर बघू."

पाहुणे जाईपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहिले. मग न विचारता माझ्या केबिनमध्ये गेले, टेबलावरचा पडदा उचलून आणला आणि त्या मशीनला जोडला. स्वच्छ नवी सिस्टीम, नाव विचारत होती. मास्तरांनी नाव टाईप केलं नाही. बराच वेळ ते कळांकडे बघत राहिले. त्यांना कळांकडे बघताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निर्माल्याबरोबर मी रिबन टाकून दिली.

पारधीला निरोप गेला. तो आला तो उभाच राहिला. "सगला?" त्याने विचारलं. "कणसरीची पण?" मास्तर म्हणाले, "पुसल्यावर वर पुन्हा लिहिलं गेलंय. सगळं." त्यांनी मशीन नाशिकला नेऊन पाहिलं, तिथूनही नकारच आला.

मग कमिटीची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, हे झालं कसं. मास्तर उभे राहिले. "भरलेल्या मशीनला मी रिबन बांधली होती. ती कोणीतरी सोडली. मशीनची जागा कोणीतरी बदलली."

"सेक्रेटरी," अध्यक्ष माझ्याकडे वळले, "रिबन होती का?"

"मला काही दिसली नाही," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण सगळे माझ्याकडेच बघत होते, पारधीही बघत होता. मी म्हणालो, "मास्तरांचे रोजे चालू होते. पोटात अन्न नाही, पाणी नाही. लक्ष राहत नाही माणसाचं. बांधायची राहून गेली असेल."

कमिटीतल्या दोघातिघांनी समजूतदारपणे मान हलवली. ती मान हलली आणि काम झालं, हे मला त्याच वेळी कळलं. मास्तर बोलायला तोंड उघडून होते, ते मिटलं. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस खुर्चीवर बसला आणि बैठक संपेपर्यंत बोलला नाही. लोकांना वाटलं, मान्य केलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका."

"तुमच्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं," ते म्हणाले. "दुसऱ्याला दिलं असतं, तर उद्या बाजारात दोन बाजू झाल्या असत्या. माझी पोरं याच गावात दुकान लावून बसलीत. तुम्ही विचार करून बोललात की असंच?"

"असंच," मी म्हणालो.

"मग फार वाईट," ते म्हणाले आणि उतरून गेले.

त्यांना कोणी काढलं नाही. त्यांनीच येणं बंद केलं. दारावरची पाटी वर्षभर तशीच होती. मोडीत न गेलेला एक टाईपरायटर घेऊन ते तहसीलच्या रस्त्याला अर्ज टाईप करून देत बसू लागले. मी त्या रस्त्याने जाणं टाळत असे. एकदा टळलं नाही. ते टाईप करत होते, समोर एक म्हातारा आपली तक्रार सांगत होता. मास्तरांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि हात न थांबवता पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे वळले. "हं, पुढे बोला." मी तिथे क्षणभर उभा होतो. त्यांच्या टाईप करण्यात खंड पडला नाही.

स्मरणिकेचं काम त्यानंतर निघालं. मजकूर मीच लिहीत होतो. मोखाड्याच्या पुस्तकाचं काय झालं हे लिहायचं की नाही, असा प्रश्न आला. गाळता आलं असतं. मी लिहिलं. बैठकीत बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं पक्कं होतं, आणि मला ते पक्कं करायचं होतं. का, याचं उत्तर अजून मला देता येत नाही. बहुतेक, छापून आलं की मलाही खरं वाटेल असं वाटलं असावं.

पुढे मास्तरांना छातीचं दुखणं लागलं. पावसाळ्यात जव्हारची हवा मानवेना, म्हणून मुलाने त्यांना आपल्या सासुरवाडीला, भिवंडीला नेलं. तिथेच गेले. जनाजा जव्हारला आणला होता. मी गेलो, मागे उभा राहिलो. मुलाने मला ओळखलं, पुढे येऊन हात हातात घेतले आणि म्हणाला, "अब्बा तुमचं नाव नेहमी घ्यायचे." कसं घ्यायचे ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यालाही बरीच वर्षं झाली. माझी बायको गेली, मुलं पुण्याला. वेळ रिकामा असला की माणूस जुनी वाक्यं परत वाचत बसतो. गेल्या थंडीत मी जीप धरून मोखाड्याला गेलो. पारधी आता निवृत्तीला आलेला, डोक्यावरचे केस पांढरे. शाळेच्या ओसरीत त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा यायच्या आतच सांगायला सुरुवात केली. रिबन, खिसा, जागा बदलली ते, बैठकीत बोललो ते. तो ऐकत होता.  चहा आला, तो तसाच राहिला.

मग म्हणाला, "मास्तर आला होता इथं."

"कधी?"

"त्या दिवालीनंतर. बाजाराचा दिवस होता. जीपमधून उतरला, वर शालेपर्यंत चालत आला, दम लागला होता. म्हणाला, पारधी, परत बसू. म्हाताऱ्यांना बोलव. तू सांग, मी टाईप करतो. माझ्या स्पीडनं उन्हाल्यापर्यंत होईल." पारधी ओसरीच्या पलीकडे बघत होता. "मी त्याला आत घेतला नाही. मीच म्हटला, तुमचा रोजा सोडून या, मग बघू. शालेतल्या सगल्या गुरुजींसमोर म्हटला. तो तसाच वलला."

 मी म्हणालो, "तेव्हा म्हाताऱ्या..."

"होत्या. सगल्या होत्या. आता एक आहे, तिला ऐकू येत नाही."

अंगणात मुलं खेळत होती. पारधीने त्यांना ओरडून लांब पाठवलं.

"आणि मी पोरांना सांगितला, सर. दर वर्षी सांगितला. तुमच्या आज्यांच्या गोष्टी होत्या, त्या जव्हारच्या मास्तरनं पुसल्या. नाव घेऊन सांगितला. ती पोरा मोठी झाली. कोणी वीटभट्टीवर, कोणी भिवंडीला, कोणी नाशिकला. त्यांना पोरा झाली. त्यांना आता कोण सांगेल?"

मी म्हणालो, मी लिहिणार आहे. सगळं, माझ्या नावानिशी. संस्थेला छापायला लावीन.

"ती वाचत नाहीत, सर," पारधी म्हणाला. "वाचायला शिकवायचा पुस्तक तोच होता."